धुराचा हिशेब

पुण्याहून साताऱ्याकडे किंवा मुंबईहून नाशिककडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचीत जाण्याची मला सवय आहे. गेल्या काही वर्षांत या पाट्यांवर एक शब्द सारखा दिसू लागला आहे : चुलीवरचे. चुलीवरचे मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरची मिसळ. आता तर चुलीवरचा चहासुद्धा. मोटारी थांबतात, मंडळी उतरतात, भाकरी रश्शात कुस्करली जाते आणि कुणीतरी हमखास म्हणते, ‘‘या चवीची सर गॅसला यायची नाही!’’ ते खोटेही नाही. तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यांपुढे उभी केली की जशी टम्म फुगते, तशी ती गॅसच्या शेगडीवर क्वचितच फुगते.

मात्र एक गोष्ट त्या पाटीवर लिहिलेली नसते. चुलीच्या जेवणाला जशी चव असते तसा धूरही असतो. चव पानात येते, धूर मागे स्वयंपाकघरातच राहतो. सकाळपासून भाकऱ्या थापीत बसलेल्या बाईचे डोळे संध्याकाळी कसे झाले आहेत, हे पाहायला आपण मागच्या बाजूला जात नाही. बिल देतो आणि गाडी सुरू करतो.

चुलीविषयी बोलणाऱ्यांचे आपल्याकडे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष आठवणींचा. आजीची चूल, सारवलेला ओटा, निखाऱ्यावर भाजलेले वांगे, माघातल्या पहाटेची ऊब, असा त्यांचा सूर असतो. दुसरा पक्ष प्रगतीचा. त्यांच्या मते गावोगाव गॅस पोचला, चूल संपली, आता तिच्याबद्दल बोलणे म्हणजे कंदिलाच्या काचा पुसण्याबद्दल बोलणे. या दोन्ही पक्षांत मला एक साम्य दिसते. दोघांपैकी कुणालाही उद्या सकाळी चूल पेटवायची नसते.

ज्यांना पेटवायची असते त्यांची संख्या लहान नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. ग्रामीण भागापुरता हा आकडा ४३.२ टक्के होता. म्हणजे खेड्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांत लाकूड, गोवऱ्या, काटक्या हाच आधार. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिच्याखाली दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. हे काम मोठेच आहे, त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. परंतु जोडणी वेगळी आणि वापर वेगळा. आयुष्यभर बँकेत नोकरी केल्यामुळे मला हा फरक चटकन कळतो. खाते उघडलेले असणे आणि खात्यात शिल्लक असणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो, पण तो पुन्हा भरून आणायचे पैसे हातात असतील तेव्हाच तो पेटतो.

शिवाय गॅस आला म्हणून चूल गेली, असे बहुतेक घरांत होत नाही. दोन्ही नांदतात. चहा आणि पाहुण्यांची कॉफी गॅसवर. भाकऱ्या, आंघोळीचे पाणी, मोठ्या पातेल्यातली आमटी चुलीवर. कोकणात नारळाची सोडणे आणि झावळ्या, विदर्भात पऱ्हाट्या, मराठवाड्यात तुराट्या, उसाच्या पट्ट्यात चिपाडे. जे शेतात उगवते तेच चुलीत जाते. ते फुकटच असते, असा घरच्या पुरुषांचा समज असतो. गोळा करून आणणारीच्या पाठीला आणि मानेला विचारले तर उत्तर वेगळे मिळेल.

तेव्हा चूल नीट कशी पेटवावी, तिच्यात काय घालावे, धूर कसा कमी करावा हे शहाणपण अजून कालबाह्य झालेले नाही. उलट ते घरातल्या सर्वांनी, विशेषतः पुरुषांनी शिकून घ्यावे असे मला वाटते. का, ते पुढे ओघाने येईलच.

सारे शहाणपण एका वाक्यात सांगायचे तर : धूर म्हणजे न जळलेले सरपण. लाकूड तापले की आधी त्यातले पाणी जाते. मग लाकूडच फुटू लागते आणि त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीनचतुर्थांश भाग अशा रीतीने वायुरूप होतो. आपण ज्याला ज्वाळा म्हणतो ती या वायूंची ज्वाळा असते. उरतो तो कोळसा, तो निखारा होऊन धगधगत राहतो. वायूंना पुरेशी उष्णता, पुरेशी हवा आणि पेटायला पुरेसा अवकाश मिळाला तर ते संपूर्ण जळतात. न मिळाला तर तसेच वर उठतात, थंड होतात आणि आपण म्हणतो, धूर झाला. जी बाई डोळे चोळते आहे, तिने डोंगरावरून डोक्यावर आणलेल्या मोळीतला एक भाग जळण्याऐवजी तिच्याच डोळ्यांत जातो आहे. काटकसर आणि आरोग्य या गोष्टी एरवी एकमेकींशी भांडतात. चुलीपाशी त्या एकाच बाजूला उभ्या राहतात.

आता हिशेब मांडू. नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असते. म्हणजे वीस किलोच्या ओल्या मोळीत दहा किलो लाकूड आणि दहा किलो पाणी. ते पाणी आधी डोक्यावरून वाहून आणायचे आणि मग त्याची वाफ करण्यासाठी उरलेले लाकूड खर्ची घालायचे! उन्हावाऱ्यात चांगले वाळलेल्या लाकडात पाण्याचे प्रमाण पंधरा-वीस टक्क्यांवर येते. तीच मोळी मग दीडपट-दुप्पट कामाची होते. पण खरे नुकसान उष्णतेचे नाही. ओल्या लाकडाने चूल तापतच नाही, आणि थंड चुलीत वायू पेटत नाहीत. पावसाळ्यात घर धुराने का भरते याचे उत्तर आभाळात नसून मोळीत असते.

म्हणून पहिला नियम जुन्या बायांचाच : सरपण वैशाखात भरून ठेवावे, आषाढात नव्हे. जाड ओंडके आधी फोडून, ढलप्या करून मग वाळत घालावेत. साल फुटली नाही तर आतला ओलावा बाहेर पडत नाही. रास जमिनीवर न घालता दोन आडव्या लाकडांवर किंवा विटांवर रचावी, वरून पत्रा असावा आणि बाजू मोकळ्या असाव्यात. ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळलेली रास वाळत नाही, कुबट होते. लाकूड वाळले की नाही हे ओळखायला यंत्र नको. वाळलेल्या लाकडाला टोकांशी चिरा पडतात, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर ओल्या लाकडासारखा ‘भद्द’ आवाज न येता ‘टण्ण’ असा येतो.

दुसरा नियम हवेचा. चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरले म्हणजे आच वाढते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. वाढतो तो धूर. मनगटाएवढ्या एका ओंडक्यापेक्षा अंगठ्याएवढ्या तीन-चार काटक्या, मध्ये फट ठेवून, अधिक स्वच्छ जळतात. जळायला हवीत ती टोके. ती जळत जातील तशी लाकडे पुढे सरकवावीत. लाकडाखाली एक साधी लोखंडी जाळी ठेवली तर खालून हवा मिळते, राख खाली पडते आणि फुंकणीचे काम निम्म्यावर येते. फुंकणीचे काम कमी होणे म्हणजे काय, हे चूल फुंकणारीलाच ठाऊक. फुंकर घालायला तोंड विस्तवाजवळ न्यावे लागते, आणि पुढचा श्वास तिथूनच घ्यावा लागतो.

तिसरा नियम झाकणाचा. एक लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्या पाण्याची वाफ करून टाकायला लागते. म्हणजे उघड्या पातेल्यात डाळ खदखदत ठेवणे ही फार महागडी हौस आहे. उकळी आल्यावर पाणी अधिक तापत नाही, जाळ कितीही मोठा केला तरी नाही. फक्त वाफ होते. उकळी आली की दोन लाकडे मागे ओढावीत, झाकण घालावे आणि झाकणात पाणी ठेवावे. डाळ, कडधान्य रात्री भिजवावे. भात पाऊण शिजला की पातेले उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवावे. अर्ध्या तासात तो आपल्याच उष्णतेवर होतो. बाजूच्या वैलावर काही ना काही ठेवलेले असावे. तिथे जाणारी उष्णता एरवी भिंतच तापवते.

या सगळ्याने काय साधते? समजा एका घरात रोज पाच किलो सरपण लागते. वर्षाला अठराशे पंचवीस किलो. वीस किलोच्या मोळीने मोजले तर एक्याण्णव मोळ्या. वाळलेले लाकूड, जाळी, झाकण आणि जाळावर लक्ष, एवढ्याने एकतृतीयांश बचत झाली असे धरू. तीस मोळ्या वाचल्या. तीस खेपा वाचल्या. वर्षातले तीस दिवस एका बाईच्या डोक्यावरून उतरले. असा परतावा देणारी ठेव माझ्या नोकरीच्या काळात एकाही बँकेकडे नव्हती.

पण एवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. नीट पेटवलेली चूलसुद्धा गॅसइतकी निर्मळ नसते. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरला पाच मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. आपल्या देशाची मर्यादा चाळीस आहे. स्वयंपाक चालू असताना बंद खोलीतल्या चुलीपाशी हाच आकडा काही शेकड्यांत जातो, कधी हजाराच्याही पुढे. घरातल्या चुलींच्या धुरामुळे २०२० साली जगभरात बत्तीस लाख माणसे दगावली, असा याच संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक मुले होती. न्यूमोनिया, दमा, हृदयविकार, मोतीबिंदू अशी ती यादी आहे. जन्मात विडी न ओढलेल्या बाईला विडीवाल्याचा फुप्फुसाचा रोग कसा होतो, याकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्यांत पुण्याचे डॉ. संदीप साळवी आहेत. त्यांचा यावरचा लेख २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच्या कितीतरी आधी, १९८१ साली, कर्क स्मिथ हे अमेरिकी संशोधक गुजरातेतल्या खेड्यांत गेले आणि त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवा शोषणारी लहान यंत्रे बसवून, त्या श्वासावाटे नेमके काय आत घेतात ते मोजले. शहराच्या चौकात हवा मोजणाऱ्या जगाला स्वयंपाकघरातली हवा मोजायची असते, हे तेव्हा कळले.

म्हणजे धूर कमी करणे जितके महत्त्वाचे, तितकेच उरलेला धूर घराबाहेर घालवणे महत्त्वाचे. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत छपराला साणे असे. उजेड त्यातून आत येई आणि धूर बाहेर जाई. सिमेंटचा स्लॅब आला आणि साणे गेले, पण चूल राहिली. घर पक्के झाले आणि धूर कोंडला गेला. चूल भिंतीशी, वाऱ्याच्या झोताच्या आड असावी. तिच्या वरच्या बाजूला, छपरालगत, धूर निघून जाण्याजोगी खिडकी असावी आणि समोरून खालून हवा आत यावी. गरम धूर वर जातो. खिडकी कमरेएवढ्या उंचीवर ठेवून भागत नाही. जमत असेल त्यांनी आडोशाला, पडवीत, छपराखाली पण मोकळ्यावर चूल मांडावी. स्वयंपाक चालू असताना तान्हे मूल पाठीवर किंवा मांडीवर नसावे. ते सांभाळायला घरात दुसरे कुणीच नसते का, हा प्रश्न इथे मुद्दाम विचारून ठेवतो.

धुराडे बसवले तर उत्तमच. ही काही नवी कल्पना नव्हे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे घर म्हणजे वर्ध्याची मगनवाडी. तिथली ‘मगन चूल’ प्रसिद्धच आहे. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघराची पुस्तिकाच काढली. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद आहे. आमच्या महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने चुलींवर, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यावर आणि शंभरेक ग्रॅम कोळशावर कुटुंबाचा वाफेवरचा स्वयंपाक करणाऱ्या ‘सराई’ कुकरवर चिकाटीने काम केले. भारतीय मानक ब्यूरोची तर चुलीसाठी स्वतंत्र मानके आहेत. साध्या हवेवर चालणाऱ्या चुलीने लाकडातली निदान पंचवीस टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचवावी आणि पंखा लावलेल्या चुलीने पस्तीस टक्के, असे ती सांगतात. तीन दगडांच्या चुलीत हे प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असते.

मग एवढे सगळे होऊनही धूर का राहिला? ओडिशातल्या सुमारे दोन हजार सहाशे कुटुंबांचा एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तो चार वर्षे चालवला आणि २०१६ साली प्रसिद्ध केला. घरोघरी धुराड्याच्या मातीच्या चुली बसवल्या. पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासातला धूर खरोखर कमी झाला. पुढे तो पूर्वपदावर आला आणि आरोग्यात फरक दिसला नाही. कारण चुलींना तडे गेले, ते कुणी लिंपले नाहीत. धुराडी काजळीने तुंबली, ती कुणी साफ केली नाहीत. आणि हळूहळू जुनी चूल पुन्हा पेटली. प्रयोगशाळेत जी चूल उत्तम ठरली होती, तिला घरात देखभाल करणारा माणूस मिळाला नाही.

मला यात चुलीचा पराभव दिसत नाही. एका चुकीच्या समजुतीचा दिसतो. वस्तू दिली की काम झाले, ही ती समजूत. ती सरकारी कार्यालयांत असते तशी घरातही असते. ऐंशीच्या दशकात गोबरगॅसच्या कर्जांच्या पाहणीसाठी मी खेड्यांत हिंडत असे. आमच्या छापील अर्जात जनावरे किती, जमीन किती, विहीर आहे का, जामीन कोण, असे सगळे रकाने होते. एका घरी संयंत्र उत्तम चालले होते, तरी चुलीवर भाकऱ्या चालल्या होत्या. मी म्हातारीला विचारले, ‘‘आजी, गॅस असताना चूल कशाला?’’ ती म्हणाली, ‘‘साहेब, त्या बारक्या जाळावर दहा माणसांच्या भाकऱ्या कवा व्हायच्या? गॅस आणला बरं केलं. पर ह्या भिंतीला वरती एक भोक पाडा म्हणून मी चार वर्सं सांगतीया, त्ये कुनी करंना.’’ कर्जदार, म्हणजे तिचा मुलगा, शेजारीच उभा होता. अर्जात भिंतीतल्या भोकाला रकाना नव्हता. त्याला कर्जही लागणार नव्हते. एक पहार आणि एक दुपार पुरली असती.

खरी अडचण आहे ती इथे. सरपण बाई आणते, चूल बाई पेटवते, धूर बाई घेते. पण भिंत कुठे फोडायची, पत्रा कुठे वाढवायचा, धुराड्याला पैसे द्यायचे की मोबाइलला, सिलिंडर या महिन्यात आणायचा की पुढच्या, हे पुरुष ठरवतो. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्या डोळ्यांना धूर लागत नाही. म्हणून मी मघाशी म्हटले, हे शहाणपण पुरुषांनी शिकावे. महिन्यातून एकदा धुराड्यातून काथ्याचा ब्रश किंवा काठीला बांधलेले पोते फिरवणे, पावसाळ्याआधी चुलीचे तडे लिंपणे, लाकडे फोडून रचून ठेवणे ही पुरुषांची कामे मानावीत. धुराडे छपरापासून हात-दीड हात वर काढावे, गवताच्या किंवा झावळ्यांच्या छपरातून जाणाऱ्या नळीभोवती पत्र्याचा रुंद कंठ बसवून ती छपराला टेकू देऊ नये, एवढे तरी घरच्या कर्त्याला ठाऊक असावे.

आता सुरक्षिततेच्या चार गोष्टी. त्यांतली पहिली जिवावरची आहे आणि सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. धूर दिसतो म्हणून आपण त्याला भितो. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून आपण त्यांना निर्धोक समजतो. परंतु धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते, डोके जड होते आणि झोपेतच मृत्यू येऊ शकतो. उत्तरेकडे दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात. आपल्याकडे अशी थंडी कमी, पण बाळंतिणीची खोली आहे. दारे-खिडक्या लावून, पाटाखाली शेगडी ठेवून ओवा-शेपाची धुरी देण्याची प्रथा अनेक घरांत अजून चालते. शेक द्यायचाच असेल तर विस्तव बाहेर ठेवून तापवलेले कापड आत आणावे. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत, विशेषतः नवजात बाळाजवळ, कधीही ठेवू नये. आजीचा मान राखून हे सांगता येते, आणि सांगायलाच हवे.

दुसरी गोष्ट रॉकेलची. विझू घातलेल्या चुलीत किंवा निखाऱ्यांवर रॉकेल ओतणे म्हणजे भडक्याला आमंत्रण. तेवढ्यासाठी करवंटीचे तुकडे, वाळलेला पाला, काडीकस्पट हाताशी ठेवावे. तिसरी गोष्ट प्लॅस्टिकची. दुधाच्या पिशव्या, टायरचा तुकडा, रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे चूल पेटवायला वापरण्याची सवय हल्ली गावोगाव लागली आहे. या वस्तू पेटतात लवकर, पण त्यांचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी असतो, आणि तो भाकरीलाही लागतो. चौथी गोष्ट पदराची. चुलीपाशी बसताना पदर खोचलेला असावा, साडी शक्यतो सुती असावी. नायलॉन-पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. कपड्याने पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर लोळावे. दुसऱ्याने जाड सुती चादर किंवा घोंगडे टाकावे. भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नये. चूल हातभर उंच ओट्यावर असली तर रांगते मूल तिच्यात हात घालीत नाही आणि बाईची कंबरही वाचते. रात्री उकरलेली राख पत्र्याच्या डब्यात ठेवावी. वरून थंड दिसणाऱ्या राखेत सकाळपर्यंत निखारा जिवंत असू शकतो, आणि कडब्याच्या गंजीला एक ठिणगी पुरते.

धोरणाबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात पंचवीस चौरस मीटरच्या क्षेत्रफळात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. ही तरतूद चांगली आहे. ती नकाशावरून भिंतीवर उतरावी, म्हणजे तिथे वरच्या बाजूला झरोका असावा आणि धुराड्याची नळी बसवायची सोय असावी. प्रत्येक मोठ्या गावात चुली आणि धुराडी दुरुस्त करणारा एक तरी गवंडी किंवा कुंभार असावा. हँडपंप दुरुस्त करणारा असतो तसा. आणि सिलिंडर पुन्हा भरणे गरिबाला परवडावे. चूल नीट वापरण्याचा आग्रह हा गॅसला पर्याय नाही. गॅस सगळ्या स्वयंपाकाला पुरेल त्या दिवसापर्यंतचा तो बंदोबस्त आहे. तो दिवस उद्या आला तरी मला आनंदच होईल. पण तो येईपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ चूल पेटणार आहे, आणि तिच्यापुढे बसणारीला ‘थोडे थांबा’ असे सांगता येत नाही, कारण ती श्वास थांबवू शकत नाही.

घरोघरी मातीच्या चुली, असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला म्हणायचे असते की सगळीकडे सारखेच, बोलून काय उपयोग! ही म्हण मला कधीच फारशी आवडली नाही. चुली मातीच्या असतील, पण सगळ्या सारख्या नसतात. एका घरात सरपण वाळलेले असते, भिंतीला झरोका असतो, धुराडे मोकळे असते. दुसऱ्या घरात यातले काही नसते. दोन्ही घरांत पैसा सारखाच असू शकतो. फरक एवढाच, की पहिल्या घरात कुणीतरी एक दुपार खर्च करून भिंतीला भोक पाडलेले असते.